दक्षिणेची बाल्कनी आणि सुगडांचे पाणी : वसंतातल्या बागकामाच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, वसंतपंचमी

काम सुरू करण्याआधी प्रकल्पाची हद्द लिहून ठेवते. पुण्यातल्या आमच्या सदनिकेची बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर असून ती थेट दक्षिणेकडे उघडते. लांबी दहा फूट आणि रुंदी चार फूट असली, तरी एका टोकाला वॉशिंग मशीन उभे असल्याने बागेच्या वाट्याला सातच फूट येतात. कठडा लोखंडी गजांचा आहे, त्यामुळे उजेड फरशीपर्यंत पोहोचतो. वरच्या मजल्याचा स्लॅब फरशीपासून नऊ फुटांवर आहे आणि तो बाल्कनीच्या कडेपर्यंत आलेला आहे.

दुसरी हद्द अंगातल्या ताकदीची आहे. २०२४च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तीत मीही सापडले. ताप आठवड्यात उतरला, परंतु मनगटे, बोटांची पेरे आणि घोटे अजून दुखतात. सकाळी उठल्यावर बोटे इतकी आखडलेली असतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. दहाच्या पुढे ती सैलावतात. भरलेली बादली मला उचलता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, आणि एका दिवशी जास्त काम केले तर पुढचे दोन दिवस त्याची भरपाई करण्यात जातात.

तेव्हा या वसंतात बाग करायची ती दोन अटींवर. एका वेळी दोन लिटरच्या तांब्याहून जड काही उचलायचे नाही आणि गुडघ्याखाली वाकायचे नाही, ही पहिली. दुसरी अधिक कडक आहे: बाल्कनीत कोठेही उघडे साचलेले पाणी राहू द्यायचे नाही. ज्या एडिस डासाने मला हे दुखणे दिले, तो घराघरांतल्या कुंड्यांखालच्या बशांमध्येही वाढतो. माझ्या बागेमुळे इमारतीत आणखी कोणी अंथरुणाला खिळावे, हे मला मान्य नाही.

आज एकच काम केले. जुन्या मोगऱ्याच्या वाळक्या आणि बारीक काड्या काढून बाकीच्या फांद्या निम्म्यावर छाटल्या. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे ही छाटणी आता झाली तरच चैत्रात फुले मिळतील. कात्री दोन्ही हातांनी धरावी लागली, म्हणून झाड एका बैठकीत न छाटता सकाळी अर्धे आणि संध्याकाळी अर्धे केले.

५ फेब्रुवारी

आज ऊन मोजले. दुपारी पाऊणच्या सुमारास, म्हणजे पुण्यात सूर्य डोक्यावरच्या सर्वांत उंच जागी येतो त्या वेळी, स्लॅबच्या सावलीची कड जेथे पडते तेथे खडूने रेघ ओढून तारीख लिहिली. सध्या ऊन चार फुटांची संपूर्ण बाल्कनी ओलांडून खोलीत दोन फूट आत येते. आजची स्थिती पाहून कुंड्या मांडणाऱ्याला वाटेल की येथे भिंतीलगतही टोमॅटो पिकेल. परंतु तसे होणार नाही.

कारण सरळ आहे. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, २१ मार्चच्या आसपास तो ७१ अंशांवर चढतो आणि मेच्या मध्याला थेट माथ्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. सूर्य जसा वर चढेल तसा हा स्लॅब छत्रीसारखा काम करू लागेल आणि ऊन आतून बाहेर, कठड्याकडे सरकत जाईल. दक्षिणेच्या बाल्कनीत वसंत पुढे जातो तसे ऊन कमी होते. अंगणात किंवा गच्चीवर बाग करणाऱ्यांचा अनुभव याच्या नेमका उलट असल्याने त्यांचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाही.

एरवी ऊन सरकले की लोक कुंड्या सरकवतात. मला ते शक्य नाही. भिजलेल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोंची होते. म्हणून प्रत्येक झाड पहिल्याच दिवशी अशा जागी ठेवायचे की एप्रिलअखेरपर्यंत तेथून ते हलवावे लागणार नाही. खडूच्या रेघा दर पंधरवड्याला ओढत जाईन.

९ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी मांडणी भिंतीला टेकवून उभी केली. तिच्या मधल्या दोन फळ्या माझ्या कमरेच्या आणि छातीच्या उंचीवर येतात. सर्वांत खालच्या फळीवर काहीच लावायचे नाही, तेथे कोकोपीट आणि खताच्या पिशव्या राहतील. कठड्यालगत दोन लाकडी बाके ठेवली असून त्यांवरच्या कुंड्यांची माती खुर्चीत बसल्यावर बरोबर हातापुढे येते. बाके कठड्यापासून हातभर आत ठेवली, कारण लहान मुलाला चढायला पायरी होईल अशी कोणतीही वस्तू कठड्याला भिडवून ठेवू नये. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला कुंडी टांगायची नाही, हेही ठरवून टाकले. खाली माणसे चालतात.

कुंड्या म्हणून फळवाल्याकडून आणलेली थर्माकोलची खोकी आणि रंगाच्या रिकाम्या वीस लिटरी बादल्या वापरते आहे. थर्माकोल वजनाला जवळजवळ काहीच नसते आणि उन्हात त्याच्या आतली मुळे भाजत नाहीत. तळाला तापवलेल्या सळईने भोके पाडून घेतली. हे काम मुलाने केले.

माती भरताना वजनाचाच विचार पुढे ठेवला. एक भाग पोयटा माती, दोन भाग भिजवलेले कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि प्रत्येक खोक्याला दोन मुठी निंबोळी पेंड, असे मिश्रण केले. कोकोपीटची पाच किलोंची वीट पाण्यात फुगून साठ-सत्तर लिटर होते, त्यामुळे जिन्याने वर आणायचे ओझे फार कमी होते. मात्र ते भिजवून एकदा पिळून, ते पाणी ओतून देऊन मगच वापरावे. नारळाच्या काथ्यात राहिलेले क्षार कोवळ्या रोपांना सोसत नाहीत.

शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची अमृतजल या द्रवखताची कृती मला माहीत आहे: दहा लिटर पाणी, एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि थोडा गूळ, तीन दिवस ढवळत मुरवायचे आणि दहापट पाण्यात मिसळून द्यायचे. पद्धत उत्तम आहे, गच्चीवर मोठी बाग असलेल्यांनी ती जरूर करावी. माझ्या मनगटांना बादलीभर रबडी दिवसातून दोन-तीनदा ढवळणे झेपणारे नाही. गांडूळखताची एक पिशवी हंगामाला पुरेल.

१२ फेब्रुवारी

आजची नोंद सविस्तर करते, कारण सगळ्या प्रकल्पाचा भार पाण्यावर आहे. बागेत सर्वाधिक ताकद कशात जाते हे कागदावर मांडून पाहिले. लावणी एकदाच होते, छाटणी अधूनमधून होते, परंतु मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत लहान कुंड्यांना रोज, कधी दिवसातून दोनदा पाणी लागते, आणि प्रत्येक लिटरचे एक किलो वजन नळापासून बाल्कनीपर्यंत वाहावे लागते. वरून घातलेल्या पाण्यातले पुष्कळसे भोकांतून खाली वाहून बशीत साचते किंवा तासाभरात उडून जाते. म्हणजे वाहिलेल्या ओझ्यातला मोठा भाग झाडापर्यंत पोहोचतच नाही.

कोरडवाहू भागात फळझाडांना मटका सिंचनाने जगवतात. कोकोपीटच्या मातीतही तेच तत्त्व लागू पडते: झाडाजवळ मातीचे सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरायचे, त्यात पाणी भरायचे आणि तोंड झाकायचे. भोवतालची माती कोरडी असेल तर ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते. ओली असेल तर पाझर मंदावतो. किती पाणी द्यायचे हे मातीच ठरवते, आणि पाणी मुळांपाशीच राहते.

मोठी मडकी माझ्या खोक्यांत मावत नाहीत. परंतु संक्रांत नुकतीच झाली आहे आणि वाणाची सुगडे प्रत्येक घरात फळीवर पडून आहेत. आमच्या मजल्यावरच्या घरांतून पुरेशी गोळा झाली. एकेका सुगडात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी मावते, आणि मिरचीच्या एका रोपाला तेवढे पुरे आहे.

सगळी सुगडे सारखी पाझरत नाहीत, म्हणून पुरण्याआधी पारख करावी लागते. सुगड पाण्याने काठोकाठ भरून कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवले आणि तासाभराने पाहिले. साध्या लाल सुगडांच्या अंगावर आधी पोटाच्या घेरावर गडद पट्टा उमटला, मग तो खाली पसरला, आणि बोट फिरवल्यावर बोटाला माठाचा गारवा लागला. खालचा कागद ओला गोल दाखवत होता. धुरात भाजलेली काळी सुगडे उशिरा, पण घामेजली. तैलरंगाने रंगवून टिकल्या लावलेली सुगडे मात्र दुसऱ्या दिवशीही तशीच कोरडी होती आणि त्यांतली पाण्याची पातळी जराही उतरली नव्हती. रंगाने भोके बुजतात. ती पेन ठेवायला उपयोगी आहेत, बागेला नाहीत.

वीस लिटरी बादल्यांसाठी दोन लिटरची मडकी हवी होती, ती कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मागवली. मुलाच्या फोनवरून मी कुंभारदादांना वापर सांगितला तेव्हा ते म्हणाले, “ताई, मग चकाकीचं घेऊ नका. पातळ अंगाचं साधं मडकं देतो, माठासारखं थंड पाणी करतं ते.” त्यांच्याकडची मडकी पहिल्या अर्ध्या तासातच घामेजली.

आता तोंड झाकण्याचा प्रश्न. दिवाळीच्या पणत्या सुगडाच्या तोंडावर बरोबर बसतात, परंतु पणतीला वातीची चोच असते आणि त्या फटीतून डास सहज आत जाईल. म्हणून आधी सुगडाच्या गळ्याला मलमलीचा चौकोन दोऱ्याने बांधायचा आणि त्यावर पणती पालथी घालायची. पाणी भरताना पणती उचलून कापडावरूनच ओतता येते, कापड सोडावे लागत नाही. आखडलेल्या बोटांनी रोज गाठ सोडणे-बांधणे टळते, ही या रचनेतली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

१६ फेब्रुवारी

लावणी झाली. काय लावायचे हे ठरवताना एकच कसोटी लावली: जे चिमूटभर किंवा मूठभर मिळाले तरी स्वयंपाकात फरक पडतो, तेच लावायचे. भेंडीची चार झाडे लावली तर दोन दिवसांआड चार-सहा भेंड्या मिळतात, त्यांची भाजी होत नाही. चार मिरच्या मात्र घराला पुरतात. त्यामुळे भेंडी आणि गवार मनाला पटत असूनही सोडून दिल्या. अळूची तहान मला परवडणारी नाही, म्हणून तेही वगळले.

कठड्यालगतच्या बाकांवर मिरचीची रोपे आणि मोगरा. मिरचीची रोपे प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाच्या वेळी घरच्यांनी तयार आणली होती. बी पेरून रोप लावणीयोग्य व्हायला पाच-सहा आठवडे जातात, तेवढ्यात या बाल्कनीचे निम्मे ऊन संपले असते. मधल्या पट्ट्यात कोथिंबीर आणि मेथी. मांडणीवर, म्हणजे मार्चनंतर सावलीत जाणाऱ्या जागी, पुदिना, पानओवा आणि मायाळू. गवती चहा वॉशिंग मशीनशेजारच्या बादलीत, कारण त्याची धारदार पाती येता-जाता हाताला लागू नयेत.

प्रत्येक खोक्यात सुगड आधी पुरले आणि मग त्याच्यापासून चार बोटांवर रोप लावले. पहिले दोन आठवडे रोपांना वरूनही थोडे पाणी द्यावे लागेल, कारण त्यांची मुळे सुगडापर्यंत पोहोचलेली नसतात. बी पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीलाही तसेच. सुगड हे रुजलेल्या झाडासाठी असते.

२३ फेब्रुवारी

शेजारच्या काकूंनी दिलेल्या मायाळूच्या काड्यांना पानांच्या बगलेतून कोंब दिसू लागले. मायाळूइतका उपकारी वेल लहान जागेसाठी दुसरा नाही: काडी खोचली की लागतो, उन्हाळ्याला घाबरत नाही, अर्धवट सावलीत पाने उलट अधिक रुंद आणि कोवळी येतात, आणि दोऱ्यावर चढवला की फरशीची जागा अडवत नाही.

मेथी वर आली आहे. कोथिंबीर अजून नाही. धने दोन फोडी करून पेरले तरी तिला आठ-दहा दिवस लागतातच.

१ मार्च

भारतीय हवामान विभागाने काल जाहीर केले की देशाच्या सरासरी तापमानाचा विचार करता यंदाचा फेब्रुवारी १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण ठरला. बाल्कनीत ते जाणवतच होते. मिरचीजवळची सुगडे आता रात्री भरली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रिकामी होतात. दोन लिटरची मडकी तीन दिवस टिकतात. मोठ्या भांड्यात मोठे मडके, हा हिशेब ताकद वाचवणारा आहे. पुढच्या वर्षी लहान खोकी कमी आणि बादल्या जास्त करेन.

पाणी घालण्याची वेळही बदलली. सकाळी बोटे चालत नाहीत, आणि एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधीच्या दोन तासांत चावतो. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, खुर्चीत बसून तांब्याने भरते. रात्री भरलेले पाणी पहाटेपर्यंत मातीत मुरते, उन्हाला उडायला सापडत नाही.

८ मार्च

आज बशांचा निकाल लावला. मडक्यांमुळे कुंड्यांखाली पाणी वाहणे जवळजवळ थांबले आहे, तरी वरच्या पाण्यामुळे कोथिंबिरीच्या खोक्याखाली ओल येते. बशी रिकामी करणे पुरेसे नाही, हे येथे मुद्दाम लिहिते. एडिसची मादी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी वाळूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. त्यामुळे बशी ओतून परत ठेवली तर अंडी तेथेच असतात. ती काथ्याने घासूनच काढावी लागतात. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस लागतात, आणि आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते त्यामागे हाच हिशेब आहे.

दर आठवड्याला सगळ्या बशा घासणे मला जमणार नाही. तेव्हा बहुतेक बशा काढूनच टाकल्या आणि जेथे आवश्यक आहेत तेथे त्या काठोकाठ जाड वाळूने भरल्या. वाळूत ओल राहते, पण पाण्याचा पृष्ठभाग उरत नाही. मडक्यांवरची मलमलीची कापडे तपासली. दोन ठिकाणी दोरा सैल झाला होता, तो घट्ट करून घेतला. घरात मोठी बाग असणाऱ्या प्रत्येकाने निदान बशांचे एवढे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चिकुनगुनियाचे दुखणे तापासोबत जात नाही.

१६ मार्च

धुळवड होऊन दोन दिवस झाले आणि रस्त्यावर पानगळीचे ढीग पडले आहेत. पुण्यात ही पाने पुष्कळ ठिकाणी झाडून जाळली जातात आणि त्या धुराने श्वासाचे विकार असलेल्यांचे हाल होतात. ज्यांच्याकडे पाने आहेत त्यांनी ती हवी असणाऱ्यांना द्यावीत, यासाठी शहरात ब्राउन लीफ नावाचा उपक्रम काही वर्षांपासून चालतो. आम्हाला मात्र लांब जावे लागले नाही. सोसायटीच्या आवारातल्या पर्जन्यवृक्षाची बारीक पाने झाडणाऱ्या मावशींनी पोत्यात भरून दिली.

ही पाने माझ्या कामासाठी उत्तम आहेत, कारण ती लहान आणि हलकी असल्याने चुरावी लागत नाहीत. आंबा-वडाची जाड पाने आधी कुस्करावी लागतात, आणि ते बोटांना नको वाटते. प्रत्येक खोक्यात तीन बोटे जाडीचा थर दिला, फक्त रोपाच्या खोडाभोवती आणि सुगडाच्या तोंडाभोवती जागा मोकळी ठेवली. आच्छादनाखाली दुपारी बोट घातल्यावर माती गार लागते. शेजारच्या उघड्या कुंडीत तीच वेळ असताना वरची माती पावडरीसारखी सुटी झाली होती. खालचा थर हळूहळू कुजून खत होईल, ते वेगळे करायला नको.

मेथी संपली, एकदा ठेपले आणि एकदा वरणात. पुन्हा पेरली नाही. मांडणीवर पुदिन्याने नवे धुमारे टाकले.

२१ मार्च

दिवस-रात्र जवळपास समान. खडूची आजची रेघ कठड्यापासून तीन फुटांवर आहे. खोलीत येणारे ऊन या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच उंबऱ्याबाहेर गेले होते. मांडणी आता पूर्ण सावलीत आहे. मायाळूने आणि पानओव्याने त्याची काहीच तक्रार केलेली नाही. मिरचीवर पांढरी फुले दिसू लागली. जागा न बदलता सर्व झाडे आपापल्या उन्हात आहेत, म्हणजे ५ फेब्रुवारीचा आराखडा बरोबर उतरला.

३० मार्च, गुढीपाडवा

मोगऱ्याला कळ्या. पहिल्या फुलांची ओंजळ गुढीला वाहिली. कळ्या दिसताच मोगऱ्याच्या मडक्याला एक दिवसही कोरडे पडू देऊ नये, नाहीतर कळ्या पिवळ्या पडून गळतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यंदा विकतची फुले आणावी लागणार नाहीत असे दिसते.

कोथिंबिरीने शेंड्याची पाने बारीक करून फुलोरा धरला. उष्म्यात ती असेच करते, आणि तेव्हा तिला खुडून थोपवण्यात अर्थ नसतो. दोन रोपे धने धरण्यासाठी ठेवून बाकीची उपटली, मुळे खोक्यातच राहू दिली आणि तेथे तांदुळजा पेरला. तांदुळजाला उष्मा मानवतो.

६ एप्रिल

मिरचीच्या एका रोपाची शेंड्याकडची पाने वरच्या बाजूला द्रोणासारखी वळली आणि चुरगळल्यासारखी झाली. शेतकरी याला बोकड्या म्हणतात. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तेव्हा काडीच्या टोकाएवढे पिवळसर फुलकिडे चालताना दिसले. पाने वर वळतात तेव्हा बहुधा फुलकिडे असतात, खाली वळतात तेव्हा कोळी कीड. पांढरी माशी जो विषाणू पसरवते त्याने झाड खुजे राहते आणि ते उपटण्यावाचून उपाय नसतो. हे रोप खुजे नव्हते.

लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे थेंब, ही फवारणी सर्वांना माहीत आहे. माझी अडचण फवारणीच्या बाटलीचा घोडा ओढण्याची होती. पाच-सहा वेळा ओढला की अंगठ्याचे मूळ ठणकते. त्याऐवजी द्रावण रुंद पातेल्यात घेऊन कुंडी न हलवता फक्त शेंडे हळूच वाकवून त्यात बुडवले, आणि न बुडणाऱ्या पानांची खालची बाजू त्याच द्रावणात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसली. फवारणीत पानांची खालची बाजू हमखास सुटते, पुसताना ती सुटत नाही. उन्हात तेलाने पाने भाजतात, त्यामुळे हे संध्याकाळीच करावे. चार दिवसांनी पुन्हा करेन.

दुसऱ्या रोपावर थोडा मावा आहे. त्यावर मावा खाणारे ढालकिडे आलेले पाहिले आणि त्या रोपाला हात लावला नाही.

१३ एप्रिल

मिरची सावरली, नवी पाने सपाट आहेत.

सुगडांचा पाझर मंदावला होता, त्याचे कारण आज सापडले. सोसायटीत महिनाभर टँकरचे जड पाणी येते आहे. रिकामे सुगड उपसून पाहिले तर आत आणि बाहेर पांढरट कवच धरले होते, बादलीच्या नळाला धरते तसे. क्षारांनी भोके बुजतात. सुगड रात्रभर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून भिजवले, काथ्याने घासले, धुऊन परत पुरले. पाझर पूर्ववत झाला. या कामासाठी सुगडाभोवतीची मुळे दुखावू नयेत म्हणून ते फिरवत वर काढावे, ओढू नये. एका दिवशी दोनच सुगडे घेते. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी अनेक जण कुंड्यांना घालतात, परंतु त्यात क्षार अधिक असल्याने मडक्यांत ते घालू नये.

खडूची रेघ आता कठड्यापासून दीड फुटावर.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

हातभर रुंदीचेही ऊन उरलेले नाही. रेघ अर्ध्या फुटापर्यंत आली आहे. मिरचीचा तोडा गेल्या दहा-बारा दिवसांत चांगला मिळाला, परंतु नवी फुले कमी झाली आणि आलेली काही गळतात. हे अपेक्षितच होते. या बाल्कनीत फळाचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल आणि त्यानंतर पानांचा हंगाम, असे पंचांग आता पक्के लिहून ठेवते. पुढच्या वर्षी मिरचीची तयार रोपे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच लावायची, म्हणजे तिला अडीच महिन्यांऐवजी पावणेचार महिन्यांचे ऊन मिळेल.

सावलीचा लाभही मोठा आहे. पुण्याचा पारा चाळिशीकडे जात असताना झाडे थेट उन्हात नाहीत, त्यामुळे पाण्याची गरज मार्चएवढीच राहिली आहे आणि माझे रात्रीचे काम वाढलेले नाही. पश्चिमेची बाल्कनी असती तर या दिवसांत शेडनेट बांधावे लागले असते.

मायाळू स्लॅबच्या हुकापर्यंत पोहोचला. त्याच्या पानांची भजी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला केली, कैरीच्या डाळीशेजारी ती ताटात शोभून दिसली. मोगरा महिनाभर फुलला. मजल्यावरच्या सगळ्या घरांत ओंजळ-ओंजळ गेली. सुगडे त्यांचीच होती.

हातांबद्दल: मनगटे पूर्वीपेक्षा सैल आहेत. ते बागेमुळे झाले असे मी म्हणणार नाही, दुखणे काळानेही कमी होते. मात्र या कामाने ते वाढले नाही, आणि एकही रोप पाण्यावाचून गेले नाही.

२२ मे

दोन दिवसांपूर्वी शहरात वळवाचा जोरदार पाऊस झाला आणि आभाळ अजून भरलेले आहे. वाऱ्याने पाऊस कठड्यातून आत येतो आणि बाकांवरच्या कुंड्या आता मडक्यांशिवायही ओल्या राहतात. पावसाळी मातीत पुरलेले भरलेले मडके मुळांना अति ओल देते, म्हणून बाकांवरची सगळी सुगडे काढली, घासली आणि दोन दिवस खोलीत वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळून मांडणीच्या खालच्या फळीवर तोंड खाली करून ठेवली. मांडणीवरच्या मायाळू-पुदिन्याकडे पाऊस पोहोचत नाही, तेथली मडकी चालू राहतील. त्यांच्या मलमली बदलून नव्या बांधल्या, कारण जूनपासून डासांचे दिवस आहेत आणि जुन्या कापडांना विरळ जागा पडल्या होत्या.

वाळूच्या बशाही रिकाम्या केल्या. पावसात त्यांवर पाणी चढते. मिरचीची दोन झाडे निम्म्यावर छाटून ठेवली आहेत, ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा आत येऊ लागले की ती फुटतील. उद्या मोगऱ्याची फुले संपलेली टोके खुडायची आहेत आणि खोक्यांत मूठ-मूठ निंबोळी पेंड मिसळायची आहे.